आवाज कित्याक होयो?

नारळी पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. मालवणात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहानशा हॉटेलात मी सर ओसरण्याची वाट पाहत बसले होते. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता, आत कांदाभजीच्या तेलाचा वास दाटला होता आणि कोपऱ्यात कोणीतरी आणून टाकलेल्या ओल्या जाळ्याचा खारट वास त्यात मिसळत होता. भिंतीवरच्या टीव्हीवर लोकसभेचे कामकाज चालले होते. तारीख माझ्या लक्षात आहे, १२ ऑगस्ट २०२५, मंगळवार. विरोधी बाकांवरचे सदस्य फलक घेऊन हौद्यात उतरले होते, घोषणांच्या गजरात मंत्री आपले निवेदन वाचत होते आणि खालच्या पट्टीवर भारतीय बंदरे विधेयकाचे नाव सरकत होते. मी खुर्ची थोडी पुढे ओढली. बंदरांचा कायदा म्हणजे आमच्या दारातला कायदा. तेवढ्यात हॉटेलवाल्याने रिमोट उचलला आणि आवाज बंद केला. तो माझा जुना विद्यार्थी. मी म्हटले, "अरे, आवाज राहू दे की." त्याने कढईतला झारा न थांबवता उत्तर दिले, "आवाज कित्याक होयो, बाई? कोण काय बोलतलो ता आधीच म्हायत आसा." त्याच्या स्वरात राग नव्हता. हवामानाबद्दल बोलावे तसे तो बोलला. पडद्यावर ओठ हलत राहिले, हात उंचावत राहिले, आणि माझा चहा येईपर्यंत विधेयक मंजूर झाले होते.

ते वाक्य माझ्याबरोबर घरी आले आणि जाईना.

एकतीस वर्षे मी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. ज्याने आवाज बंद केला त्यालाही संसदेची दोन सभागृहे, विधेयकाची तीन वाचने, मतविभागणी हे सारे मीच फळ्यावर लिहून दिले होते, आणि त्याने ते पाठ करून चांगले गुणही मिळवले होते. त्यामुळे त्याचे वाक्य अज्ञानातून आले असे मला म्हणता येत नव्हते. अधिवेशन संपल्यावर मी एका रात्री बसून त्याचा हिशोब पाहिला. लोकसभेत १२० तासांची चर्चा व्हावी असे ठरले होते, प्रत्यक्षात ३७ तासांच्या आसपास काम झाले. विरोधकांना बिहारमधल्या मतदारयाद्यांच्या फेरतपासणीवर चर्चा हवी होती, सरकारला ती द्यायची नव्हती, आणि या ओढाताणीत १९०८ सालच्या बंदरे कायद्याची जागा घेणारे विधेयक गदारोळातच पुढे सरकले. मतदारयाद्यांचा प्रश्न क्षुल्लक होता असे मी मुळीच म्हणणार नाही. बंदरांचाही नव्हता. दोन्ही प्रश्न एकाच वेळी, एकाच छपराखाली हजर होते आणि दोघांनाही उत्तर मिळाले नाही, हे मला सलत होते.

उत्तर हा शब्द माझ्या मनात तेव्हा आला, आणि त्याच्याबरोबर माझे वडील आले.

वडील वाचनालयाचे चिटणीस होते आणि मताने पक्के काँग्रेसवाले. आमच्याकडे एक लाकडी खोक्याचा रेडिओ होता. पावसाळ्यात त्याचे सेल दमट होऊन आवाज बसू लागला की आई ते चुलीच्या भानोशीवर थोडे शेकून घेत असे. रात्री जेवणे झाली की वडील संसद समीक्षा लावत आणि शेजारचे दोघेतिघे पडवीत येऊन बसत. त्यांतला एक कट्टर समाजवादी होता. वडिलांचे आणि त्याचे वर्षानुवर्षे पटले नाही आणि दोघांनी एकमेकांशिवाय रेडिओही कधी ऐकला नाही. आमचे खासदार तेव्हा बॅरिस्टर नाथ पै होते, वेंगुर्ल्याचे, प्रजा समाजवादी पक्षाचे. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीनही निवडणुकांत राजापूर मतदारसंघाने त्यांना दिल्लीला पाठवले. वडिलांनी त्यांना एकदाही मत दिले नसावे. तरी त्यांची सभा वेंगुर्ल्याला असली की वडील पहाटेची एसटी धरून जात आणि परतल्यावर ते भाषण मुद्द्यांनिशी आईला ऐकवत. त्यांत खोडून काढण्याचे मुद्दे असत आणि मान्य करण्याचेही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै बेळगावात वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. त्या संध्याकाळी वडिलांनी वाचनालय लवकर बंद केले. मी नऊ वर्षांची होते. आपण ज्याला मत देत नाही त्याच्यासाठी माणूस असा गप्प बसतो, हे मला तेव्हा विचित्र वाटले होते.

नाथ पैंचा पक्ष सभागृहात नेहमीच मूठभर होता. त्यांच्या भाषणाने सरकार पडणार नव्हते. ऐकणाऱ्यांना हे ठाऊक होते आणि बोलणाऱ्यालाही. गोलकनाथ खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांना हात लावण्याचा अधिकार संसदेला नाही असे म्हटले, तेव्हा १९६७ साली त्यांनी तो अधिकार परत मिळवून देणारे खासगी विधेयक मांडले. विरोधी बाकावरचा एक सदस्य संसदेच्या अधिकारासाठी भांडत होता, जिथे बहुमत त्याचे नव्हतेच. ते विधेयक संयुक्त समितीकडे गेले, त्यावर सभागृहात दीर्घ चर्चा झाली, खुद्द समाजवाद्यांमध्येही त्यावरून मतभेद झाले. त्यांच्या हयातीत ते मंजूर झाले नाही. ते गेले त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने सरकारने तीच गोष्ट स्वतः केली. ती दुरुस्ती योग्य होती की नाही याबद्दल माझे मत आजही डळमळते, कारण पुढे आणीबाणीत संसदेच्या अमर्याद अधिकाराचे काय झाले ते आम्ही पाहिले. पण एका लहान पक्षाच्या माणसाचा मुद्दा चार वर्षे सभागृहात जिवंत राहिला, त्याला उलट मुद्दे भेटले, तो घासला गेला, ही गोष्ट पडवीतल्या त्या दोन माणसांना दिसत होती. म्हणून ते ऐकत होते.

हॉटेलवाल्याच्या वाक्यावर मी पुन्हा पुन्हा येत होते तेव्हा मला आधी वाटले की त्याचे म्हणणे शेवटाविषयी आहे. आकडे ठरलेले आहेत, निकाल ठरलेला आहे, मग ऐकायचे कशासाठी. परंतु हे पटेना, आणि ते का पटेना याचे कारण मला जत्रेत सापडले. आमच्याकडे कार्तिकातल्या जत्रांना दशावतार होतो. रात्री उशिरा पालखी फिरून आली की पेट्रोमॅक्सच्या, आता हॅलोजनच्या, उजेडात आख्यान उभे राहते. राक्षस मरणार, देव जिंकणार, हे मांडीवरल्या पोरालाही ठाऊक असते. तरीही माणसे धुक्यात कानटोप्या ओढून पहाटेपर्यंत बसतात. याचे कारण दशावताराला लिहिलेली संहिता नसते. राजा जे बोलला त्याला राक्षसाला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. राजाने पुराणातला दाखला दिला तर राक्षसाने त्याहून सरस दाखला द्यायचा असतो, आणि समोरचा नट अडला की बाकड्यांवरून हुंकार उठतो. मरायचे असलेला राक्षसही वादात जिंकू शकतो, आणि असा राक्षस दुसऱ्या दिवशी गावभर वाखाणला जातो. दोन नट एकमेकांकडे न पाहता आपापले पाठ म्हणू लागले तर लोक अर्ध्या तासात चटया गुंडाळून घरी जातील.

शेवट माहीत असणे लोकांना खुपत नाही. उत्तर न मिळणे खुपते.

स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर. त्यांचे आयुष्य अहमदाबादेत गेले, पण घराणे मूळचे संगमेश्वराकडच्या मावळंग्याचे, म्हणून वर्गात हा भाग शिकवताना मला थोडे जास्त बळ येत असे. डिसेंबर १९५४ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव विरोधकांनी आणला. काँग्रेसकडे प्रचंड बहुमत होते, ठराव पडणार हे उघड होते. त्या चर्चेत पंतप्रधान नेहरूंनी ठरावावर कडक टीका केली, पण आपल्याच पक्षाच्या सदस्यांना हेही सांगितले की हा पक्षाचा प्रश्न नाही, व्हिप, म्हणजे मत कसे द्यावे याचा पक्षादेश, विसरून प्रत्येकाने आपल्या बुद्धीने ठरवावे. ठराव अर्थातच फेटाळला गेला. मला त्या प्रसंगाचे महत्त्व वाटते ते एवढ्यासाठी की बहुमत हातात असूनही समोरच्यांना समजावण्याची गरज कोणाला तरी वाटली. त्या पहिल्या लोकसभेच्या बैठका वर्षाला सरासरी १३५ दिवस होत. सतराव्या लोकसभेच्या पाच वर्षांत सरासरी ५५ दिवसांवर आल्या, आणि तिला पाच वर्षांत उपाध्यक्षही मिळाला नाही. भांडायलासुद्धा दिवस लागतात.

नाथ पैंच्या नंतर आमचा मतदारसंघ प्रा. मधु दंडवते यांच्याकडे गेला आणि १९७१ पासून पाच वेळा त्यांच्याकडे राहिला. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली तेव्हा ते एका संयुक्त समितीच्या बैठकीसाठी बंगळूरला होते. वाजपेयी आणि अडवाणीही तिथेच होते. दुसऱ्या दिवशी समाजवादी आणि जनसंघीय एकाच तुरुंगात गेले. ती समिती पक्षांतराला आळा घालणाऱ्या विधेयकाचा विचार करत होती, हे मला फार उशिरा कळले आणि तेव्हापासून ते माझ्या मनात रुतून बसले आहे. पक्षांतराची कीड खरी होती. १९६७ नंतर राज्याराज्यांत सदस्य सकाळी एका पक्षात आणि संध्याकाळी दुसऱ्या पक्षात दिसू लागले होते. लोकांच्या विश्वासाला त्याने भोक पाडले होते. म्हणून १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले तेव्हा मीही वर्गात त्याचे स्वागत केले. त्या कायद्याने व्हिपविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाते. सरकार टिकण्या-पडण्याच्या प्रश्नावर जाते, आणि बंदरांच्या साध्या विधेयकावरही जाऊ शकते. विकला जाणारा सदस्य आणि पटल्यामुळे वळणारा सदस्य, दोघांना एकाच कुंपणात कोंडले गेले. गंमत अशी नव्हे, दुःख असे, की विकले जाणारे त्या कुंपणातूनही घाऊक संख्येने बाहेर पडतच राहिले. २०२२ मध्ये आमच्या राज्यात काय झाले ते इथल्या प्रत्येक वाडीने पाहिले आहे. पटल्यामुळे वळणारा मात्र दिसेनासा झाला.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी अभिरूप संसद घेतली होती. विषय आमच्या समुद्राचा होता, पर्ससीनच्या, म्हणजे यांत्रिक नौकेवरून मासळीच्या थव्याला घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर बंदी असावी की नसावी. वर्गात रापणवाल्यांची, म्हणजे किनाऱ्यावरून हाताने जाळे ओढणाऱ्यांची मुले होती तशी यांत्रिक नौका असलेल्यांचीही होती, म्हणून मी मुद्दाम चिठ्ठ्या टाकून बाजू वाटल्या. चर्चा मध्यावर आली तेव्हा बंदीच्या विरोधी बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. समोरच्या मुलीने नुकतेच सांगितले होते की लहान मासळी ओढली गेली तर दोन वर्षांनी नौकावाल्यांचेही जाळे रिकामे येईल. तो म्हणाला, "बाई, ह्या खरा आसा. माझा मत बदलला." त्याच्या बाकावरून "फितूर, फितूर" असा ओरडा झाला. आणि मी, जिने चर्चेचे महत्त्व फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी लिहिले होते, त्याला म्हटले, "तुला दिलेली बाजू धर, नाहीतर गुण कापीन." तो खाली बसला. त्या तासात तो पुन्हा बोलला नाही. वर्गात घडलेली संसदेची एकमेव खरी घटना मी बसवून टाकली. मला शिस्त हवी होती, तास वेळेत संपवायचा होता. दिल्लीत असे करणाऱ्यांकडेही काहीतरी कारण असेलच.

म्हणून एका पक्षावर बोट ठेवून मला मोकळे होता येत नाही. २०१० चे हिवाळी अधिवेशन टूजी दूरसंचार परवान्यांच्या प्रकरणावर संयुक्त समिती हवी या मागणीसाठी जवळपास पूर्ण वाया गेले. तेव्हा जे हौद्यात होते ते आज सत्तेत आहेत, आणि तेव्हा कामकाज चालू द्या म्हणून विनवणारे आज फलक धरतात. ती समिती पुढच्या वर्षी नेमावी लागलीच, मग अधिवेशन कशासाठी घालवले, याचे उत्तर कोणी दिल्याचे मला आठवत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये तेलंगणाच्या विधेयकावरून सभागृहात मिरपूड फवारली गेली. मार्च १९८९ मध्ये ६३ सदस्य एका दिवसात निलंबित झाले होते, आणि डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६. घुसखोरांनी सभागृहात धूर सोडला त्याबद्दल गृहमंत्र्यांनी निवेदन करावे, एवढी या १४६ जणांची मागणी होती. ते बाहेर असताना १८६० च्या दंडसंहितेची जागा घेणारा कायदा मंजूर झाला. पण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात ते शेतीचे तीन कायदे. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत मतविभागणीची मागणी होत असताना आवाजी मतदानाने त्यांतली दोन विधेयके मंजूर करण्यात आली. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले. मग २९ नोव्हेंबर २०२१ ला तेच कायदे दोन्ही सभागृहांत चर्चेविना मागे घेण्यात आले. कायदा हवा होता त्याला तो का गेला ते सभागृहाने सांगितले नाही, आणि नको होता त्याला तो का आला तेही नाही. दोन्ही बाजूंची माणसे सारखीच बेदखल झाली.

आणि माणूस बेदखल झाला की तो सभागृहाकडे पाहणे सोडून शेजाऱ्याकडे पाहू लागतो. माझ्या वडिलांच्या पडवीत दोन पक्षांची माणसे एक रेडिओ ऐकत. आता आमच्या वाडीत मोबाईलवर दोन गट आहेत. एकात एका खासदाराचा हौद्यातला बारा सेकंदांचा तुकडा फिरतो, दुसऱ्यात दुसऱ्याचा. पूर्ण भाषण कोणाकडेच नसते. गेल्या शिमग्यात पालखी कोणत्या वाटेने न्यावी यावरून बैठक बसली, आणि वाटेच्या मुद्द्यावर बोलणाऱ्या एका म्हाताऱ्याला पहिला प्रश्न विचारला गेला तो "तू खंयच्या पक्षाचो?" असा. त्याने मुकाट्याने टोपी उचलली आणि तो घरी गेला. पूर्वी मच्छीमारांचे अर्ज लिहून घ्यायला माणसे माझ्याकडे येत, डिझेलचा परतावा अडला, वादळात होडी फुटली, जेटीचा गाळ उपसला नाही. निसर्ग आणि तौक्तेच्या वादळांनंतरही आली. हल्ली कोणी खासदारांना लिहा असे म्हणत नाही. एकाला लिहिले तर दुसऱ्याचा माणूस ठरतो, अशी भीती आहे. आपला अर्ज हे आपले गाऱ्हाणे न राहता आपला पक्ष ठरवणारा कागद होतो, हे त्यांनी ओळखले आहे. विश्वास उडाला असे आपण एका दमात म्हणून टाकतो. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तो असा थेंबाथेंबाने गळाला आहे, होडीच्या फळीतून पाणी झिरपते तसा, आणि पाणी उपसायला बसलेल्या माणसालाही भोक नेमके कुठे आहे ते लगेच सापडत नाही.

पुढच्या आठवड्यात राज्यसभेनेही बंदरांचे विधेयक मंजूर केले. मी त्याचा मजकूर उतरवून घेतला आणि चार रात्री त्यावर बसले. इंग्रजी कायद्याची भाषा माझ्या डोळ्यांना आता जड जाते, तरी जे मला नीट समजले तेवढेच दोन पानांत मराठीत लिहिले. जुना कायदा कोणत्या सालचा, नव्यात राज्यांच्या सागरी मंडळांना कोणते स्थान, केंद्र आणि राज्ये एकत्र बसतील ती परिषद कोणती, आणि मोठी बंदरे सोडून इतर बंदरांवर वाद झाला तर राज्याने नेमायची समिती कोणाचे वाद ऐकणार. स्वच्छ अक्षरात लिहून ती पाने मी हॉटेलात नेली. टीव्ही चालू होता, आवाज बंद होता. हॉटेलवाल्याने पहिले पान हातात धरले, पाचसहा ओळी वाचल्या आणि गिऱ्हाईक आले म्हणून ती पाने चिवड्याच्या बरणीखाली सरकवली. "वाचतंय मगे, बाई," तो म्हणाला. मी काही बोलले नाही. शिक्षकाला त्या "मगे"चा अर्थ चांगला कळतो.

आठ-दहा दिवसांनी मी पुन्हा तिकडे गेले. पाने बरणीखालीच होती, पण कडा मऊ झाल्या होत्या आणि दुसऱ्या पानावर तेलाचे दोन-तीन निरनिराळ्या आकाराचे अंगठे उमटले होते. वादाच्या समितीपुढे बंदराचा वापर करणारे जाऊ शकतील, अशा अर्थाचे वाक्य मी लिहिले होते. त्यातल्या "बंदराचा वापर करणारे" या शब्दांखाली कोणीतरी पेन्सिलने दोनदा रेघ मारली होती आणि समासात वाकड्या अक्षरात लिहिले होते, "ह्येच्यात आमी इलंव काय?" अक्षर कोणाचे, असे मी हॉटेलवाल्याला विचारले. त्याने खांदे उडवले. "चौगां-पाचांनी वाचल्यानी. दोन्हीकडचे होते. लय वाद झालो."

प्रश्न बरोबर होता आणि मला त्याचे उत्तर ठाऊक नव्हते. ती दोन पाने मी पिशवीत घातली, घरी आले आणि कायद्यातले व्याख्यांचे कलम पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले.